कुत्रं गेलं, पिसवा राहिल्या

नरसीच्या परिसरात कीर्तन असलं की एक गोष्ट हमखास निघते. नामदेव महाराजांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. शंभरदा ऐकलेली गोष्ट, तरी माना डोलतात. नामदेवांचं जन्मगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तिथे दारात एक कुत्रं आणि चुलीपाशी एक मांजर असणं नवलाचं नाही. नवल वाटतं ते श्रावणाच्या आसपास घडतं त्याचं. घोट्यांभोवती लाल गांधी उठतात, लेकरं रात्रभर पाय खाजवतात, आजी अंथरूण झटकून निदान करते, ‘पिसवा झाल्यात.’ मग दोन दिवसांत वाघ्याची रवानगी होते. कुठे अंगणाबाहेर दावणीला, तर कुठे पोत्यात घालून दुचाकीवरून पार कयाधूपल्याडच्या शिवारात.

वाघ्या जातो. पिसवा घरातच राहतात, आणि आता त्या उपाशी असतात.

ही चूक खेड्यातली किंवा अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. हिंगोली शहरातल्या नव्या वसाहतींत, वसमतच्या बंगल्यांत, कळमनुरीच्या सरकारी निवासस्थानांत हेच होतं. फक्त तिथे पोत्याऐवजी महागडा शाम्पू असतो. दोन्हीकडे समजूत एकच, की पिसू कुत्र्याच्या अंगावर राहते, म्हणून कुत्रं धुतलं किंवा घालवलं की विषय संपला. कीटकशास्त्र वेगळं सांगतं. ज्या घरात पिसवा झाल्या आहेत, तिथल्या एकूण पिलावळीपैकी कुत्र्या-मांजराच्या अंगावर उड्या मारताना दिसतात त्या जेमतेम पाच टक्के. उरलेल्या पंचाण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात जमिनीवर, अंथरुणात, फटींत असतात. म्हणजे कुत्रं हे पिसवांचं जेवणाचं ताट आहे. घर आपलंच.

हे घर कसं चालतं ते जरा वाकून पाहण्यासारखं आहे. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. दोन फरश्यांमधली सिमेंटची रेघ पाच-दहा वर्षांत निघून जाते आणि तिथे काळपट धूळ बसते. मादी पिसू कुत्र्याचं रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भर हंगामात दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी गुळगुळीत, मोत्यासारखी पांढरी. उवेच्या लिखेसारखी ती केसाला चिकटून बसत नाहीत. वाघ्याने अंग झाडलं की मीठदाणीतून मीठ सांडावं तशी खाली सांडतात. तो जिथे सर्वात जास्त झोपतो, तिथे सर्वात जास्त. दोन ते दहा दिवसांत अंड्यातून बारीक अळी निघते. ती उजेडाला घाबरते, म्हणून फरशीच्या त्या फटीत, सतरंजीखाली, पलंगामागच्या कोपऱ्यात शिरते. तिचं अन्न म्हणजे आईची विष्ठा: कुत्र्याच्या अंगावरून गळलेले वाळक्या रक्ताचे काळे कण.

सगळ्यात चिवट अवस्था पुढची. अळी रेशमासारखा चिकट कोष विणते, त्याला धूळमाती चिकटते आणि तो मातीच्या कणासारखाच दिसू लागतो. फवाऱ्यातलं औषध कोषात फारसं शिरत नाही. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेर येत नाही. कुणी येण्याची वाट पाहते, आणि ही वाट ती काही महिनेसुद्धा पाहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांपैकी काही जाणवलं की कोष फुटतो. म्हणूनच दिवाळीला महिनाभर पुण्याला मुलाकडे राहून आलेलं जोडपं कुलूप उघडतं आणि ओसरीतच दोघांच्या पायांवर पिसवा चढतात. ‘घर तर बंद होतं, मग या आल्या कुठून?’ आल्या कुठूनच नाहीत. त्या तिथेच होत्या, घरमालकाची वाट बघत.

पिसू जमिनीतून येते हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा सरकारचा सारा भर दुर्गंधीवर होता. गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली. पुढच्या वर्षी पुण्यात घरं उपसली, लोकांचं सामान बाहेर काढून जाळलं. १८९८मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेला उंदीर आणि निरोगी उंदीर एकाच भांड्यात, मध्ये जाळी, एकमेकांना स्पर्श अशक्य. आजारी उंदीर मेला, त्याच्या पिसवा जाळीतून उडून दुसऱ्यावर गेल्या आणि तोही मेला. सिमाँची कित्येक वर्षं टिंगल झाली. अखेर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे हाफकिन संस्था झाली तिथे, १९०५नंतर हे पक्कं सिद्ध झालं. त्या प्रयोगांतली एक गोष्ट आजच्या घरमालकाच्या उपयोगाची आहे. पिसवा सोडलेल्या खोलीत गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले होते आणि काही दोन फूट उंच टांगले होते. जमिनीलगतचे गिनीपिग मेले. टांगलेले वाचले, कारण पिसूची उडी तिथवर पोचलीच नाही.

मराठवाड्याला तर १८९६पर्यंत मागे जायचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. हादरलेल्या बीड जिल्ह्यातही लोकांनी तडे गेलेली घरं सोडली, धान्य मात्र तिथेच राहिलं, आणि त्यावर उंदीर माजले असं कारण तेव्हा तज्ज्ञांनी मांडलं. ऑगस्ट १९९४मध्ये बीडमधल्या मामला गावातून पहिली तक्रार आली ती रोगाची नव्हती. घरांत पिसवा फार झाल्यात, एवढीच ती तक्रार होती. उंदीरही मरून पडत होते. सप्टेंबरात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले आणि त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९चा), आणि परभणीची हद्द बीडला लागून. ज्यांचं वय आज चाळिशीपुढे आहे, त्यांना तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं आठवत असतील.

ही आठवण कुणाला घाबरवायला काढलेली नाही. प्लेग पसरवण्यात आघाडीवर असते ती उंदरावरची पिसू. कुत्र्या-मांजरावरची, जी घरोघरी आढळते, ती त्या कामात बरीच कुचकामी. पण प्लेगनियंत्रणाचा एक नियम इथे तंतोतंत लागू पडतो: आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलट क्रमाने केलं, तर मेलेल्या उंदरावरच्या भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. वाघ्याला शिवारात सोडणारं घर नेमकं हेच उलट करून बसतं. रोज रात्री त्याच्या अंगावर चढणाऱ्या पिसवांचं ताट काढून घेतलं, की त्या पलंगाकडे वळणारच. वर सोडलेल्या कुत्र्यासोबत थोडी पिलावळ दुसऱ्या गावालाही आहेर म्हणून जाते.

आता उपायांकडे. इथे मात्र जिल्ह्याची कल्पकता थक्क करणारी आहे, आणि थोडी धडकी भरवणारीही.

हळदीपासून सुरुवात करावी, कारण वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि हिंगोलीत हळद प्रत्येक दुखण्यावर पहिली आठवते. कुत्र्याच्या अंगाला हळद-तेल चोळण्याचा प्रकार सर्रास दिसतो. पिसवा त्याने मरत नाहीत. कुत्रं मात्र जेजुरीहून भंडारा खेळून आल्यासारखं दिसतं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केल्याने डास तात्पुरते हटतात. फरशीच्या फटीतल्या अळीला धूर पोचत नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर घरोघरी वापरली जायची; ती कुत्र्याच्या किंवा लेकराच्या डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून ती नकोच. रॉकेलने कातडी भाजते. फिनाईलने मांजर मरू शकतं, कारण अंगाला लागलेलं सगळं ते चाटतं आणि तसली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या यकृतात फार कमी.

खरा धोका याच्या पुढे आहे. ज्या घरात कापूस-सोयाबीनवर फवारायची औषधं कोनाड्यात उभी असतात, तिथे पिसवांवरही त्यातलंच एक ‘थोडं पातळ करून’ वापरायचा मोह होतो. प्रमाण अंदाजाने, म्हणजे बाटलीच्या झाकणाने. पूर्वी गॅमेक्सिनची भुकटी गोठ्यापासून बाजेखालपर्यंत टाकली जायची. देशात तिच्यावर १९९७ साली बंदी आली, तरी नाव अजून तोंडात आहे. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या शिवारात, वाऱ्यावर जे औषध माणसाला मारू शकतं, ते बंद खोलीत बाजेखाली फवारून त्याच खोलीत रांगतं लेकरू झोपवणं, याला उपाय म्हणत नाहीत. गोचिडासाठी जनावरांना लावायच्या औषधांचंही तसंच. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमित्राझ ही गुरांची औषधं मोजमाप करून गुरांना लावायची असतात. मांजराला पर्मेथ्रिन तर थेट विष आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावलं की ते थरथरू लागतं, झटके येतात आणि पुष्कळदा मरतं. गावोगाव सहज मिळणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचा पिसवांवर फारसा परिणाम होत नाही, आणि चुकलेल्या मात्रेने कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कुत्र्याचं औषध मागू नये आणि दुकानदारानेही ते देऊ नये. इतकं सरळ आहे हे.

मग करायचं काय? पहिलं काम खात्री करून घेण्याचं, कारण निम्म्या घरांत पिसू, गोचीड, ढेकूण यांची गल्लत होते. गोचीड कातडीला चिकटून फुगते, उडत नाही. ढेकूण पलंगाच्या सांध्यात राहतो आणि त्याचे चावे पाठीवर, दंडांवर असतात. पिसवांचे चावे घोट्यांभोवती आणि पोटऱ्यांवर, जवळजवळ. उवांसाठी घरात असते ती बारीक दातांची फणी घ्यावी, कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी आणि कानांमागे फिरवावी आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावी. माती असेल तर काळीच राहील. कणांभोवती तांबूस वलय पसरलं, तर ते रक्त आहे, पिसवांनी पिऊन टाकलेलं. फणीत सापडलेली पिसू नखावर चिरडायची जुनी सवय सोडावी. साबणाच्या पाण्याच्या वाटीत फणी बुडवली की पिसू बुडून मरते. साधं पाणी चालत नाही, त्यावर ती तरंगते.

दुसरं काम जनावराचं. अंघोळीला साधा सौम्य साबण पुरतो. फेस आधी गळ्याभोवती करावा, नाहीतर पाणी पडताच पिसवा डोक्याकडे धाव घेतात. पण अंघोळीने त्या दिवशी अंगावर असलेल्याच मरतात, उद्या फटीतून नव्या येणार. म्हणून निदान महिनाभर टिकणारं औषध लागतं: मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब किंवा फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर या गटातल्या गोळ्या. वजनावर मात्रा ठरते, पिल्लांना आणि मांजरांना वेगळं, आधी झटके येत असतील तर ते सांगावंच लागतं. म्हणून हे पशुवैद्यकाला विचारूनच. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच वेळी, हेही तितकंच महत्त्वाचं. वाघ्याला थेंब आणि मनीला काही नाही, असं चालत नाही. या औषधानंतर कुत्रं घराबाहेर न काढता घरातच राहू द्यावं, कारण कोषातून निघणारी प्रत्येक नवी पिसू त्याच्याच अंगावर चढते आणि मरते. ज्याला गुन्हेगार म्हणून शिवारात सोडायचं होतं, तोच इथे सापळा होतो.

तिसरं काम घराचं, आणि खरी लढाई इथली. कुत्र्याचं पोतं, जुनी गोधडी, सतरंजी दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवावी. रोजचा केर बाजा, पलंग, कपाट हलवून काढावा, आणि तो केर दारामागे ढीग करून ठेवू नये, घराबाहेर लांब न्यावा. फरशीच्या निघालेल्या सांध्यांत सिमेंट भरून घेतलं, तर अळ्यांचं घरच बंद होतं. कोणत्याही बाटलीपेक्षा हा खर्च जास्त दिवस टिकतो. मातीच्या, शेणाने सारवलेल्या घरात भेगा लिंपून घ्याव्यात आणि कुत्र्याची जागा भिंतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून काढून उन्हाच्या पट्ट्यात आणावी. पिसूची अळी कोरड्या हवेत वाळते, पस्तीस अंशांपुढे तग धरत नाही. हिंगोलीचं मे महिन्यातलं ऊन चाळीस ओलांडतं. हळद वाळवायला जे ऊन चालतं, त्यात गोधडी, गादी, पोतं दिवसभर टाकायला काय हरकत आहे? पावसाळ्यात हेच हत्यार हाती नसतं, म्हणून मिरगाआधीची सफाई महत्त्वाची.

गोठा विसरून चालणार नाही. शेळ्यांच्या कोंडवाड्यात पिसवा माजल्या की करडं रक्त कमी होऊन मरतात, आणि सोयाबीनच्या भुसकटात दुपारभर लोळलेलं कुत्रं संध्याकाळी त्याच पिसवा ओसरीवर आणतं. घर आणि गोठा वेगवेगळ्या आठवड्यात साफ करणं म्हणजे एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतणं.

किती दिवस? इथे लोकांचा धीर सुटतो. पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या की ‘औषध खोटं निघालं’ म्हणून सगळं बंद होतं. खरं तर त्या जुन्या कोषांतून निघणाऱ्या असतात. दोन-तीन महिने नेटाने चालू ठेवलं तरच फटीतला साठा संपतो.

चार चाव्यांचं एवढं काय, असंही कुणी म्हणेल. कुत्र्याच्या गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं, तर तो पट्टकृमीचा तुकडा असतो, आणि हा कृमी पिसू गिळल्याने होतो. कुत्र्याला कवेत घेऊन झोपणाऱ्या लहान मुलाच्या तोंडातही पिसू जाऊ शकते. पिसवांमुळे एक प्रकारचा टायफससारखा तापही माणसाला होतो, आणि पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला ‘घरात पिसवा आहेत का’ असं सहसा कुणी विचारत नाही.

यात सरकारचाही वाटा आहे. जिल्ह्यातले पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, बैल, शेळीसाठी उभे राहिले, आणि ते योग्यच होतं. पण कुत्र्यामांजराचा प्रश्न तिथे अजून हौसेचा मानला जातो. पिसू हौस आणि उपजीविका असा भेद करत नाही. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तासा-दीड तासाच्या अंतरावर. तिथले विद्यार्थी उन्हाळ्यात दोन दिवस औंढा, सेनगावच्या खेड्यांत येऊन फणी आणि ओला कागद घेऊन घरोघर फिरले, तरी पोस्टरवर होतो त्यापेक्षा जास्त फरक पडेल. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसीसाठी पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारी गोठ्यागोठ्यात जातातच. त्यांनी ओसरीवरच्या पोत्याकडेही एक नजर टाकावी आणि त्या घराला एवढंच सांगावं: कुत्रं ठेवा, पोतं धुवा, फरशीचे सांधे भरा, आणि फवारणीची बाटली शेतातच राहू द्या.

ज्यांच्या घरात आत्ता पिसवा आहेत, त्यांनी आजची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. तिथून बरोबर तीन महिने झाडू, कडकडीत पाणी आणि महिन्याचं औषध चुकवू नये, पिसू दिसो वा न दिसो. आणि वाघ्याला शिवारात सोडून आला असाल, तर तो अजून तिथे असेल, आणायला जा.